शेऱ्याचा रकाना

मद्रास, ५ नोव्हेंबर १९६२
पोचलो एकदाचा. एग्मोर स्टेशनामागच्या गल्लीत व्यासराज राव मास्तरांच्या माडीवर खोली मिळाली. मास्तर निवृत्त, तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या पत्नी राजसबाई माझ्या मराठीला हसतात, वर्तमानपत्र वाचल्यासारखं बोलतो म्हणतात. मला त्यांचं शंभर वर्षांपूर्वीचं वाटतं. रसम-भातावर तूप मात्र सढळ हाताने वाढतात. सरकारी नोकरी आहे, बाबा खूश होतील. रोजनिशी मोडीतच लिहितो आहे, म्हणजे कोणी वाचायची धास्ती नको.

८ नोव्हेंबर
कचेरीला पाटी नाही. युद्ध पेटलं, आणीबाणी लागली आणि चंद्रमौळी नावाचे नवे साहेब आले. काम म्हणजे लोकांची पत्रं वाफेवर उघडणं आणि वाचून झाली की खळीने चिकटवणं. खळीत लवंगेचं तेल असतं, वास बोटांना राहतो. इथले म्हातारे मराठी लोक अजून मोडीत लिहितात. कचेरीत ती मला एकट्यालाच येते. छापील फॉर्मवर शब्दाला शब्द इंग्रजी करायचं, आपलं मत द्यायचं नाही. शेऱ्याचा रकानाच नाही. बाहेर अवाक्षर काढणार नाही, अशी शपथही घेतली. लाज वाटते, पण देशाचं काम आहे.

१९ नोव्हेंबर
आज मास्तरांच्या नावचं पत्र माझ्या टेबलावर आलं. राजसबाईंची धाकटी बहीण सई तंजावरला वारली. कोपरा फाडलेला आणि शेवटी नेहमीची ओळ, वाचताच फाडून टाकावे, घरात ठेवू नये. अशुभाचं पत्र आपण ठेवतो का कधी? पण नष्ट करा असं लिहिलेलं प्रत्येक पत्र वर पाठवायचा हुकूम आहे. मी शब्दाला शब्द उतरवलं. रीत तोंडी सांगायला गेलो, तर साहेब म्हणाले की रीतिरिवाज तुला विचारलेले नाहीत. पत्र त्यांनी ठेवून घेतलं.

संध्याकाळी राजसबाई सईसाठी लोणच्याची बरणी भरत होत्या. मी समोर बसून जेवलो. शपथ घेतली आहे ना. थू माझ्यावर.

२३ नोव्हेंबर
सकाळी जीप आली आणि मास्तरांना घेऊन गेली. कागद दाखवला नाही. चौकीवर म्हणतात, अशा नावाचा माणूस आणलाच नाही. साहेबांकडे फाईल मागितली. फाईल आहे की नाही हेसुद्धा गुप्त आहे म्हणे! पासष्ट वर्षांचा माणूस, चष्म्याशिवाय त्याला पायरी दिसत नाही. चष्मा इथेच राहिला आहे. कसलं देशाचं काम हे?

२९ नोव्हेंबर
बाबांचं पत्र. गेल्यापासून तुझी एक ओळ नाही, बरा आहेस ना. मी सहा पत्रं टाकली. त्यांच्या पाकिटाला लवंगेचा वास येतो.

१ डिसेंबर
राजसबाई म्हणाल्या, सईचे यजमान वकील आहेत, तिला लिहा, ती धावून येईल. त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. मेलेल्या बाईला. पत्ताही मीच घातला.

३ डिसेंबर
या वहीला लवंगेचा वास. पेटीचं कुलूप जसंच्या तसं. १९ तारखेच्या पानाखाली पेन्सिलीने आकडा. आमच्याच कचेरीचा.

४ डिसेंबर
टेबलावर त्याच १९ तारखेच्या पानाचा फोटो. सोबत कोरा फॉर्म. साहेब मागे उभे. शब्दाला शब्द म्हणाले. केलं. 'थू माझ्यावर' हेसुद्धा—

५ डिसेंबर, दुपार
कचेरीत गेलो नाही. हे पानही कोणाच्या तरी टेबलावर जाईल. जाऊ दे. हरामखोरांनो, शेऱ्याला रकाना नाही म्हणून इथे लिहितो. ते सुतकाचं पत्र होतं. मास्तरांनी ते पाहिलंसुद्धा नाही. करा भाषांतर.

शपथ गेली खड्ड्यात. आता खाली जाऊन राजसबाईंना सांगतो, सई गेली, ते पत्र मी वाचलं, मीच वर—

जीप. दाराशी. राजसबाई कोणाला तरी सांगताहेत, भाडेकरू वर आहेत, सरकारी माणूस आहे, भला आहे—

आधी त्यांना सांगायला हवं. जिन्यावर बूट. राजसबाई, सई