नावापुरता गोडा

३ नोव्हेंबर, सोम.
...सोलून झाली निम्मी लेबलं. नखं दुखतायत. मसाले करणाऱ्या विद्याताईंचा कात्रजचा गाळा, डोळ्यांत मिरचीचा खकाणा. छपाईवाल्याने ‘गोडा मसाला’चं इंग्रजी परस्पर ‘स्वीट मसाला’ करून टाकलेलं. माल घेणाऱ्या देसाईंनी परदेशातून विचारलं, साखर शून्य, मग स्वीट कसा?
वि. ताई : “गोड्या तेलात साखर असते का, विचारा त्यांना.”
विचारलं नाही. नव्या लेबलवर रोमन लिपीत ‘गोडा’ एवढंच. छोट्या उत्पादकांचा माल परदेशी पाठवून देणं हे माझं काम. त्यातलं निम्मं हेच, शब्द बदलणं.

६ नोव्हें.
देसाईंचा फोन. मूळचे कोथरूडचे, आता तिकडे मराठी किराणा विकतात. नमुना आवडला. फक्त दगडफूल काढा. तिकडे ते खाण्याच्या वस्तूंत धरत नाहीत, माल बंदरातच अडकेल.
“मला कळतं हो. पण इथे एक्झॉस्ट लावून आमटी करतात. वास कुणाला येतोय?”
गाळ्यावर जाऊन सांगितलं. वि. ताई चाळणी हलवत राहिल्या. मग, “त्यापेक्षा नुसते धने पाठवते. ते तरी धने राहतील.”
निघताना शांता फाटकापर्यंत आली. गाळ्यातल्या चौघींत ती सगळ्यात जुनी.
“ह्ये काम लागू द्या मॅडम. दिवाळी सरली की मसाला कोन घेतंय? मागल्या साली शिमग्यापत्तूर घरीच बसलो व्हतो आम्ही.”
वि. ताई हे कधीच बोलल्या नव्हत्या.

११ नोव्हें.
विद्याताईंनी बोलावलं. दोन पातेली, दोन आमट्या. एकीत नेहमीचा मसाला, दुसरीत दगडफुलाशिवायचा. वाट्या शांताने भरल्या, कुठली कुठली ते तिलाच ठाऊक. आम्ही दगडफुलाची ओळखायची.
मी चाखली. दोन्ही चांगल्या. चुकीची वाटी दाखवली.
“तुमचं सोडा, तुम्ही मेसचं जेवता.”
त्यांच्या यजमानांनीही चुकीचीच दाखवली. “भात आहे का?” एवढंच विचारलं.
मग त्या स्वतः. आधी हुंगली. चाखली, पाणी प्यायल्या, पुन्हा चाखली. डावीकडची पुढे सरकवली. शांताने उजवीकडच्या वाटीकडे पाहिलं. त्यावरून कळलं.
वि. ताई : “मला सर्दी आहे.”
सर्दी नव्हती.

१२ नोव्हें.
सकाळी सकाळी त्यांचा फोन. दगडफुलाशिवाय करून देते. पण त्याला गोडा म्हणायचं नाही. आमटी मसाला म्हणा.
मी म्हटलं, काल कुणालाच ओळखता आला नाही.
“मला ओळखता आलं नाही म्हणून तो गोडा होत नाही.”
देसाईंना कळवते म्हटलं.

१४ नोव्हें., शुक्र.
देसाईंना ‘आमटी मसाला’ कळवलं. हसले.
“अहो, आमटी मसाला कोण उचलणार? गोडा वाचलं की लोकांना आई आठवते.”
“आणि आई दगडफूल घालायची, ते?”
“ते आईला विचारा.”
मग म्हणाले, पाकिटावर गोडा असेल तर वर्षभराची ऑर्डर. नसेल तर दुसरा कुणी बघतो. दगडफुलाशिवायचे नमुने मात्र उद्या निघालेच पाहिजेत.
विद्याताईंना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी कांडप यंत्र बंद केलं. मग, “तुम्ही भाषा शिकलेल्या. दगडफूल काढल्यावर गोडा हा शब्द उरतो का?”
विचार करून सांगते म्हटलं. संध्याकाळभर केला. उरतोही. नाहीही.

१५ नोव्हें.
सकाळी शांता नमुन्यांचं खोकं घेऊन आली. पाकिटं नीट बंद केलेली, वजन बरोबर. लेबलवर नावाची जागा कोरी.
“ताई म्हनल्या, नाव तुम्ही घाला.”
चहा केला. कुरिअरवाला यायचा होता. पेन माझ्या हातात, गोडा लिहू की आमटी मसाला ते ठरेना. शांता पेनाकडे बघत बसली.