सव्वा इंचाची तूर

जठारपेठ, अकोला
२ फेब्रुवारी २०२५

चि. बंडूस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

कांबळ भेटलं का? आई महिनाभर झाला माह्याकडंच हाये. रोज दोन वेळा विचारते, बंडू जेवला असन का म्हणून. आता मले का माहीत जेलात किती वाजता वाढतात ते! पण हाओ म्हणून देते.

आता कामाचं. वकीलसाहेब म्हणतात, तुही सारी केस एकाच गोष्टीवर उभी हाये. आपल्या अन् त्याईच्या वावराच्या मधातल्या धुऱ्यावर खुशालकाका बाबाईवर कुऱ्हाड चालवून राहिले होते, ते तू विहिरीवरून पाह्यलं, वाचवाले धावला अन् त्या झटापटीत काका मेले. जजसाहेबाले हे डोळ्यानं दिसलं तर जन्मठेप टळू शकते, असं त्याईचं म्हणणं. मी म्हटलं, दाखवते.

तू हसशीन. माह्या टेबलावरच्या लढायाईले तू पोट्ट्याईचा खेळ म्हणत होता. अरे, चाळीशीतले प्रोफेसर, डॉक्टर रविवारी इंचभर उंचीचे शिपाई घेऊन येतात, टेप लावून चाली मोजतात, फासे टाकून एकमेकाईच्या पलटणी कापतात. त्याईचे डोंगर, नाले, जळकी गावं थर्माकोलातून मीच घडवते. आता तसंच आपलं मोर्शीचं वावर बनवणार हाये. साडेपाच फुटाचा माणूस एक इंच, या हिशेबानं. विहीर, धुरा, संत्र्याची झाडं, सारं बरोबर मापानं लिहून पाठव. वाटंल ते ठोकू नको.

लोभ आहेच, तो वाढवाची गरज नाई.
तुही, आचलताई

अमरावती
११ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कांबळ भेटलं. आईले सांग, भाजीत मीठ कमी असते, बाकी ठीक.

विहिरीपासून धुरा दोनशे फूट. मधात सारी तूर. डाव्या अंगाले संत्र्याच्या तीन रांगा. मी मोटर चालू कराले गेलो होतो. बाबा धुरा पाहाले गेले, काकानं तो नांगरानं दोन ओळी कोरून घेतला होता म्हणून. मी मान वर केली तं काकाची कुऱ्हाड बाबाईच्या खांद्यात बसली होती. हाड फुटल्याचा आवाज विहिरीपर्यंत आला. काकानं पाय देऊन कुऱ्हाड उपटली अन् मानेवर घातली. रक्त तुरीच्या शेंगाईवर उडालं. मी धावलो, हातातून कुऱ्हाड हिसकली अन् घातली. किती, ते आठवत नाई. पोलीस म्हणतात सात. काकाचं तोंड राह्यलं नव्हतं ताई.

अन् तूर बारकी दाखवशीन तं पाहा! बाबाईनं यंदा अशी तूर आणली होती का हात वर केला तं शेंड्याले लागे. सात फूट. पंचनाम्यातही लिहिली असन. पुरी सव्वा इंच लाव.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा, बंडू

अकोला
२३ फेब्रुवारी २०२५

चि. बंडूस,
आशीर्वाद.

हे पत्र डाकेनं नाई, वकीलसाहेबाच्या हातून देते. एकटा बसून वाच.

वावर तयार हाये. माती आपल्याच वावरातली, चहाच्या गाळणीनं चाळून गोंदावर पसरली. तुरीसाठी झाडाच्या फड्याच्या काड्या कापल्या, हिरव्या रंगात बुचकळून एकेक रोवल्या. बाबा केले, काका केले. बाबाईच्या खांद्यावर लाल रंगही मीच लावला.

आमच्या खेळात एक नियम हाये. शिपायाले दुश्मन दिसते का, हे वरून पाहून ठरत नाई. गाल टेबलाले लावाचा अन् शिपायाच्या डोळ्याच्या उंचीवरून पाहाचं. मी तुह्या जागी गाल लावला. नुसती तूर दिसली, बंडू. बाबा नाई, काका नाई, कुऱ्हाडही नाई. तुले विहिरीच्या कठड्यावर उभं केलं, तरी नाई. तीनदा टेप लावला.

कात्री बाजूलेच होती. अर्धा इंच तूर छाटली का सारं दिसते, अन् कोर्टात कोण काड्या मोजते? हात गेला होता माहा, खोटं काहून सांगू. पण माह्या बापाच्या मरणाचं मैदान मी आंधळ्यावानी नाई मांडणार. तू विहिरीवर नव्हता. मंग कुठी होता? मले राग आला हाये अन् भेवही लागून राहिलं हाये. लवकर लिही.

ताई

अमरावती
९ मार्च २०२५

ती. ताईस,
नमस्कार कोणत्या तोंडानं लिहू?

हे पत्र मी डाकेनंच टाकतो. इथी साहेब लोक वाचूनच पत्र सोडतात. वाचू दे.

मी बाबाईसंगच गेलो होतो. काकानं कुऱ्हाड उचलली तसा मी तुरीत घुसलो. माणूस असा पयते, हे मले माहीत नव्हतं. दहा फुटावर बसून होतो. पयला घाव खांद्यात. बाबाईनं मले हाक मारली. दुसरा मानेवर, तरी हाक मारली. तिसऱ्याले ते पडले, तोंड माह्याकडं होतं. काड्यातून त्याईले मी दिसत होतो, ताई. डोळे उघडे होते. मंग चौथा.

काकानं कुऱ्हाड फेकली अन् धुऱ्यावर बसून दोन्ही हातानं डोकं धरून रडाले लागला, बाबाईचं नाव घेऊन. तेव्हा मी निंघालो, तीच कुऱ्हाड उचलली. रिकाम्या हाताच्या, रडत्या माणसाले मी मागून मारलं. सात नाई, जास्त असन. बाबाईसाठी नाई मारलं. त्यानं मले लपलेलं पाह्यलं का काय, या भेवानं मारलं.

तूर छाटाची तं छाट. पण मी लपलो होतो हे आईले सांगू नको. जन्मठेप सोसन मी, हे नाई.

बंडू

अकोला
१८ मार्च २०२५

चि. बंडूस,
आशीर्वाद.

सांगितलं. माफी मागत नाई. पत्र आलं तेव्हा आई समोरच बसून होती, अन् माह्या तोंडाकडं पाहून तिनं मोठ्यानं वाचाले लावलं. दोनदा वाचून घेतलं. पुरा दिवस भाकर खाल्ली नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलापाशी आली. तुहा बाहुला कोणता म्हणून विचारलं. मी विहिरीवरचा दाखवला. तिनं उचलला, बाबापासून दहा फूट म्हणजे किती ते विचारलं. बोटं मोठी तिची, तुरीच्या दोन काड्या मोडल्या, पण बरोबर जागी रोवला. मंग गाल टेबलाले लावला अन् बाबाच्या जागेवरून तुह्याकडं लय वेळ पाहत राहिली.

उठली तं म्हणाली, चार महिने तिच्या जिवाले हेच जाळत होतं का त्याईच्या आखरीले जवळ आपलं कोणीच नव्हतं. आता समजलं का होतं, अन् आलं नाई. यातलं जास्त काय दुखते, हे तिले अजून कळलं नाई, असं म्हणे.

तुह्यासाठी निरोप हाये. खोटं बोलून सुटला तं तिच्या दारात येऊ नको. खरं सांगून आत राह्यला तं ती जिती हाये तोवर भेटाले येईन. पण बाबाईचं नाव तिच्यासमोर तुह्या तोंडातून निंघालं नाई पाहिजे.

वकीलसाहेबाले मी सारं सांगितलं. ते म्हणतात, काय बोलाचं हे तुलेच ठरवा लागन. तारीख चोवीसची हाये. कात्री मी उचलली नाई. आईनं रोवलेल्या बाहुल्याच्या पायाले गोंद लावला. तो सुकला हाये.

तुही, आचलताई