शोभाकाकूंच्या तुरीची दोन गावं

३ फेब्रु., सोम.
एमबीएच्या प्रोजेक्टचा विषय मिळाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या डाळमिल: धंदा, कंपन्या, स्पर्धक. जोडीला प्रणाली, माझी रूममेट. नेटवरचं ती काढणार, फिरणं माझ्याकडे. महागावला आईच्या मैत्रिणीची, शोभाकाकूंची लहान मिल आहे. आधी तिथंच.

६ फेब्रु., गुरु.
महागाव. अंगणभर तूर वाळत होती, काकू अनवाणी पायानं ती हलवत होत्या. काका गेल्यापासून एकट्याच चालवतात. मोठ्या कंपन्यांपुढे टिकता कशा, विचारलं. हसल्या.
"माही डाळ एका शिट्टीत शिजते. तूर दोनच गावची घेतो मी, बरड जमिनीची."
गावांची नावंही सांगितली. मग म्हणाल्या, "पण हे लिहू नको माय. तू आपली पोरगी म्हणून सांगतलं."
बसमध्ये लिहिलंच. फक्त माझ्या वहीत, शेवटच्या पानावर. विसरेन म्हणून.

१४ फेब्रु., शुक्र.
तीन दिवस ताप. प्र.नं रिपोर्टचं अर्धं टाइप केलं, मला खिचडी करून घातली. वही तिच्याकडेच दिली. शेवटचं पान रिपोर्टात नाही घ्यायचं, सांगितलं.
"पागल आहे का? कोणाले सांगतो मी!"

२१ फेब्रु., शुक्र.
कॉलेजात मुलाखती. हायवेवरच्या मोठ्या डाळ कंपनीनं एकटीलाच घेतलं, प्र.ला. खरेदी विभाग. माझं नाही झालं. पेढे मात्र मीच आणले. वाईट वाटलं, पण तिच्यासाठी बरंही वाटलं. खरंच.

२७ फेब्रु., गुरु.
सकाळी काकूंचा फोन. "त्या दोन्ही गावात कंपनीची गाडी आली व. खळ्यावरूनच तूर उचलून राह्यले. बाकी गावं सोडून तिथंच कसे आले, समजूनच नाही राह्यलं."
"आवाज येत नाही काकू," म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

प्र.ला विचारलं. आधी नाही-नाही. मग सगळं सांगितलं. मुलाखतीत स्पर्धकांबद्दल विचारलं. बाकीच्यांनी नेटवरचंच सांगितलं. हिच्या मोबाईलमध्ये माझ्या पानाचा फोटो.
"तुहं नाव नाही घेतलं मी."
काकूंचं?
मोबाईल उलटा ठेवला. मग म्हणते, "लिहू नको म्हटलं होतं त्यायनं, तं तू कायले लिहिलं?"
पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला लावला. दोघी एकाच खोलीत आहोत. दोन वर्षं हिच्याशिवाय जेवले नाही मी, आणि

१ मार्च, शनि.
रिपोर्ट पाहून सर खूश. म्हणे असं फील्डवर्क दरवर्षी होत नाही. दोघींची नावं वर्गात घेतली. प्र. उभी राहिली. मी बसूनच.

२ मार्च, रवि.
दुपारी महागाव. काकूंना सगळं सांगितलं, शेवटच्या पानासकट. प्रणालीनं केलं, असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी थांबवलं.
"मी त्या पोरीले नाही ओळखत. मी तुले सांगतलं होतं."
मिल बंद होती. अंगणात एका कोपऱ्यापुरती तूर. मग त्याच म्हणाल्या, उद्या दुसऱ्या गावाले चाललो, तूर पाहाले. मी येऊ का, विचारलं. त्या फाटक लावायला उठल्या.
"सातची बस हाय," एवढंच.
मला आत्ताची, यवतमाळला परतायची सांगितली, की उद्या सकाळची, त्यांच्यासोबतची, कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. स्टँडवर बसून लिहितेय. पावणेसात.