इंजिनावरचा एक

टॅम्पिनीस, सिंगापूर, शनिवार, ११ जुलै

साडू नंदन फोन उचलत नाही. त्याला जुनी अमेरिकन मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, घ्यायची आहे. "दादा, तुम्ही शिलालेख वाचता, मग इंजिनावरचा नंबर काय," असं मला चढवून सकाळी गॅरेजात नेलं. इंजिन मूळचंच की बदललेलं, ते त्या ओतीव आकड्यांवरून कळतं म्हणे. ग्रीस पुसून मी आकडे चिठोऱ्यावर उतरवले. घरी लेकीने, ईशाने, ते वेबसाइटवर घातले. "बाबा, धिस वन ट्रक इंजिन लाह." नंदनचा चेहराच उतरला.

आत्ता चहा घेताना चिठोरं पाहिलं. हात सवयीने देवनागरीत गेला होता. दोन, तीन, शून्य दोन्हीकडे सारखेच. फसवा तो एक. ईशाने तो नऊ वाचला. एक घालून पाहिलं, तर इंजिन अस्सल. मग चूक कुणाची? वाचलं दोघांनीही बरोबर, आपापल्या लिपीत.

शेवटी फोन लागला.

"दादा, मी नकार कळवून बसलोय. आता मालकाला काय सांगू?"

"सांग, लिप्यंतरात गफलत झाली."

तो हसला नाही. विचारून बघतो म्हणाला.

तोवर मी इंग्रजी एक गिरवत बसलोय. नुसती एक दांडी आहे.