वरच्या कुरणातली सफरचंदं

तिम्लिल्त,
१४ ऑक्टोबर

प्रिय बासू,

सलाम. अल्लाच्या कृपेने इथे सगळे बरे आहेत. अगादीरला तुझीही तब्येत ठीक असेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. अक्रोड झोडून झाले, हात अजून काळे आहेत. तपकिरी शेळीला जुळं झालं. शिखरांवर बर्फ दिसू लागलंय.

ऑगस्टातल्या वादळाबद्दल मी तुला ‘थोडा चिखल झाला’ एवढंच सांगितलं होतं. थोडा नव्हता. वर राखीव कुरणात, अगदालमध्ये, आपल्या दगडी निवाऱ्यालगतचा उतार नांगरून तू सफरचंदं लावलीस ना, तिथली झाडांमधली मोकळी माती एका दुपारी सुटली आणि ओढ्यातून खाली वाहून गेली. खालच्या गावात हद्दामावशीचं शेत होतं, तिथे आता नुसते दगड आहेत. आई गेल्यावर आपण दोघं त्याच शेतातल्या जवावर वाढलो, हे तुला सांगायला नको.

गावची बैठक बसली. मी तुझ्या बाजूने भांडले. म्हटलं, निवारा आजोबांचा, मग भोवतालचा उतारही आमचाच. कुरणाची राखण दा हम्मूंकडे आहे. ते शांतपणे म्हणाले, “पोरी, निवारा तुमचा, गवत सगळ्यांचं. वसंतात कुरण बंद ठेवतो ते काय मेंढ्यांना छळायला? गवत माती धरतं, म्हणून खालची माणसं जेवतात.” हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त सोयीचं नव्हतं.

दंड नेहमीचाच. कुरण मोडणाऱ्या घराने दोन्ही गावांना जेवण घालायचं आणि मोडलेलं स्वतःच्या हाताने निस्तरायचं. तुझा मोठा मेंढा कापला. कुसकुस शिजवायला शेजारणी आल्या, आणि जेवायला हद्दामावशीही आली. पहिला घास घेऊन म्हणाली, “इत्तो, दंडाच्या जेवणात मीठ घालत नाहीत का गं?” सगळे हसले. मग हात धुऊन ती दा हम्मूंना म्हणाली, “माझं शेत गेलं ते गेलं. झाडं राहू द्या. फळं धरली की पोरगा घरी येईल.”

नुकसान तिचं, त्यामुळे तिचा शब्द मोडायला कुणी धजेना. मला हो म्हणायचं होतं, बासू. तिकडच्या त्या प्लास्टिकखालच्या टोमॅटोंच्या मजुरीतून तू सुटावंस, असं माझ्याइतकं कुणाला वाटतं? पण शेताला लागूनच तिचं घर आहे, आणि वादळं काही संपलेली नाहीत. मी उठले, वर गेले आणि तुझी झाडं उपटली. सगळी. त्यांनी मुळं चांगली धरली होती, जोर लावावा लागला. मग खड्डे बुजवून गवताचं बी टाकलं. घरी येऊन खूप रडले.

तुझं परत येणं त्या झाडांवर अवलंबून होतं, आणि ते मीच मोडलं. बोल लावायचा तर मला लाव, मावशीला नाही. या वयात ती रोज शेतातले दगड वेचते, ते बघवत नाही. मी जाते मदतीला, पण मोठे दगड आम्हा दोघींना हलत नाहीत. खिशात काही नसलं तरी ये.

तुझ्या रागाची धनीण,
तुझी ताई इत्तो