मिटवामिटवी

गावी, बुधवार, १४ ऑगस्ट

चि. येबोआ यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे जेवढं असता येतं तेवढे. कोकोच्या शेंगा यंदाही काळ्या पडताहेत, दोनदा फवारलं तरी. तुझ्या आईचा गुडघा सुजलाय. वाऱ्याने शाळेचे पत्रे उडाले, त्याला महिना झाला. पोरं चर्चमध्ये बसून पाढे म्हणतात आणि पाद्रीबाबा वैतागतात.

तुझे तिन्ही निरोप पोचले. फोनही वाजला, तो मी मुद्दाम उचलला नाही. तुझा आवाज ऐकला की मी कोकोच्याच गप्पा मारत बसेन. म्हणून हे पत्र, गाडीवाल्याच्या हाती.

सूनबाई सेरवा बरी आहे ना? तुला कुशीवर वळवताना स्वतःची कंबर सांभाळ म्हणावं. मागच्या खेपेला कुमासीला आलो तेव्हा तिला तुला उचलताना पाहिलं. वर म्हणते कशी, "मामा, शहरातल्या सगळ्या इमारती चढून आला हा, आता मी चढवते याला खाटेवर." तू हसलास. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

गावात विशेष काही नाही. कसाव्याच्या शेताच्या बांधावरून दोघा भावांनी एकमेकांवर कोयते उपसले. मला बोलावणं आलं. मी गेलो नाही. लोकांना नवल वाटलं, कारण चाळीस वर्षांत या गावातलं एक भांडण माझ्याशिवाय मिटलेलं नाही. चुकलेल्याने श्नॅप्स दारूची बाटली आणि मेंढा आणायचा, दुखावलेल्याच्या घरच्या मोठ्या माणसाने एक घोट घ्यायचा, मेंढा कापून सगळ्यांनी खायचा, की राग संपला. पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. हे तुला मी काय सांगावं! लहानपणी माझ्या मांडीवर बसून तू किती मिटवामिटवी पाहिल्यास.

आता उगाच लांबण लावत नाही. तुझ्या बांधकाम कंपनीने लेबर ऑफिसात कागद दाखवला, की घरच्यांशी मिटलंय, मोठ्यांनी सही केलीय, आता भरपाई कसली. तू म्हणतोस सही खोटी आहे, मामाने मंगळवारी सुनावणीला येऊन शपथेवर तसं सांगावं.

सही खोटी नाही, येबोआ. माझी आहे.

तू पडलास त्याच्या पाचव्या दिवशीची गोष्ट. तू दवाखान्यात बेशुद्ध, सेरवा तुझ्या उशाशी. परांचीची फळी कुजकी होती हे तुमच्या कामावरच्या पोरांनी मला सांगितलं होतं, मी संतापलेलो होतो. अशात कंपनीचा अमोआको गाडी घेऊन अंगणात आला. चपला बाहेर काढल्या, वाकला आणि म्हणाला, "नाना, पोरगा तुमचा तसाच आमचा. तुमचं मन थंड करायला आलोय." एक बाटली, एक मेंढा.

खरं सांगतो, मी सुखावलो. शहरातला माणूस माझ्यापुढे वाकला, सगळा गाव बघत होता. मी म्हणालो, "एक मेंढा? माझा भाचा म्हणजे काय कोंबडी वाटला?" लोक खो खो हसले. घासाघीस करून मी एकाचे दोन मेंढे केले, एकीच्या दोन बाटल्या केल्या. त्या संध्याकाळी मला वाटत होतं, मी माझ्या भाच्यासाठी लढलो.

मग त्याने इंग्रजी कागद पुढे केला. "काही नाही नाना, मेंढे पोचल्याची पावती." मला इंग्रजी वाचता येतं असं गावाला वाटतं. ते खोटं आहे, हे फक्त तुझ्या आईला ठाऊक. तुमच्या पिढीतल्या कुणाला तरी वाच म्हणालो असतो तर? पण सगळे बघत होते. मी चष्मा लावला, कागद बराच वेळ डोळ्यांपुढे धरला, मान डोलावली आणि सही केली.

आपल्यात राग वेगळा आणि पोटाचा प्रश्न वेगळा. राग सोडला म्हणजे तुझ्या पायांची भरपाईही सोडली, असं माझ्या मनातही आलं नाही.

अजून एक आहे. ते लिहावं की नाही, या विचारात तीन निरोप निघून गेले. दहाव्या दिवशी तू डोळे उघडलेस. तुझ्या आईने सूप करून दिलं, मी डब्यातून आणलं आणि चमच्याने तुला भरवलं. "मामा, अजून आहे?" म्हणालास. तुला भूक लागली म्हणून मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडलो होतो. ते त्याच मेंढ्यांचं, धुरावर वाळवून ठेवलेलं मटण होतं. तुझ्या तोंडानेसुद्धा मीच त्यांना माफ करवलं.

काल तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती फुफूसाठी उकडलेला कसावा कुटत होती. मुसळ तिथेच सोडून उठली.

मंगळवारी मी येतो. सही माझी नाही असं सांगणार नाही, तुझ्या खऱ्या बाजूला माझं खोटं नको. तू बोल. साहेबासमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हण, "हा माणूस आमच्यातला नाही. याला माझ्यासाठी बोलायचा हक्क नव्हता. मी याला मामा मानत नाही." मी मान हलवून हो म्हणेन. लेबर ऑफिसातल्या कारकुनाला फोन करून विचारलं, एवढ्याने भागेल का? तो म्हणाला, "करून बघा, बाबा. पण आशा धरू नका."

चारचौघांत हे बोललं की परत घेता येत नाही, तुला माहीत आहे. आपल्यात मामाचं सगळं भाच्याला जातं; मग तू माझ्या कोको-मळ्याचा वारस नाहीस, आणि मी मेलो तर माझ्या शवपेटीजवळ तुला बसता येणार नाही. घरच्यांच्या बैठकीत मला जागा राहणार नाही. ते चालेल. तू डगमगू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस.

सुपाचं मात्र तिथे काढू नकोस. तुला माहीत नव्हतं. ते एकट्या माझ्या माथी.

खाली 'तुझा मामा' असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. मंगळवारी तुझ्या जिभेला जड जाऊ नये.

न्यारको