खिचडीचा भाव माझ्या हातात

२४ डिसेंबर
पद्मजा आठ दिवस नागपूरला, आमच्या लेकीकडे. तिचा साबुदाणा खिचडीचा गाडा माझ्याकडे! कॉलेजला सुट्टी, अर्थशास्त्र शिकवायची सव्वीस वर्षं पाठीशी. जाताना म्हणाली, गाड्यावरची भानुमती सगळं करते, तुम्ही फक्त बसा. बसणार नाहीच.

२५ डिसेंबर
साबुदाणा महागला म्हणून प्लेट चाळीसची पन्नास. आमच्या खिचडीला पर्याय नाही, सबब मागणी हलणार नाही. भानुमती म्हणाली, "काहून वाढवून राहिले, साहेब?" तिला पाटीवर आलेख काढून दाखवला. भारावली असावी. शेंगदाणे भाजत होती, चेहरा दिसला नाही.

२६ डिसेंबर
रोजच्या साठ प्लेटांऐवजी अकरा. कारण थंडी. रेल्वेतले चंद्रशेखरजी, सात वर्षांचं गिऱ्हाईक, समोर विक्कीच्या ठेल्यावर पोहे खाताना दिसले. मला हात केला. त्यांनाही थंडीच वाजत असावी.

२७ डिसेंबर
थंडी नव्हे! हा प्रतिस्थापन परिणाम! एक वस्तू महागली की माणूस दुसरीकडे वळतो. सव्वीस वर्षं फळ्यावर काढला, आज रस्त्यावर चालताना पाहिला. आनंदाने भानुमतीला सांगायला गेलो. म्हणाली, "उरलेली खिचडी घरी नेता का?"
तिन्ही त्रिकाळ खिचडी.

२८ डिसेंबर
मास्टरस्ट्रोक. उद्यापासून तीस! आता उत्पन्न परिणाम. भाव उतरला की गिऱ्हाइकाला खिसा जड वाटतो. वाचलेल्या पैशात तो दुसरी प्लेट घेणारच. साबुदाणा दुप्पट भिजवायला सांगितला. भानुमतीने दोनदा विचारलं, नक्की ना?

२९ डिसेंबर, सकाळी ८
तोबा गर्दी! मी धन्य.

तोच दिवस, १०
प्रत्येकाने एकच प्लेट खाल्ली आणि वाचलेल्या पैशांची विक्कीकडे जलेबी. सिद्धांत शंभर टक्के खरा ठरला, फक्त रस्त्याच्या पलीकडे. विक्कीने मला जलेबी पाठवली, वर निरोप : "अंकलजी, ऐसे ही भाव घटाते रहो." जलेबी उत्तम. आणखी एक मागवली.

३० डिसेंबर
भानुमती म्हणते, तीस रुपयांत शेंगदाण्याचाही खर्च निघत नाही. नवी योजना : नऊपर्यंत पन्नास, नंतर तीस. अख्खी गर्दी आठपासून समोर ऊन खात उभी. नऊला धावली. मी घड्याळ मागे केलं नाही, ही माझी सचोटी.

३१ डिसेंबर
पद्मजा एक दिवस आधीच परत. भानुमतीने फोन केला म्हणे. ओरडली नाही, हे वाईट लक्षण. पाटी पुसून पंचेचाळीस लिहिले. मी म्हटलं, मागणी कोसळेल. तिने चंद्रशेखरजींना एवढंच सांगितलं की साबुदाणा महागलाय, पाच वाढवले, आणि वाटीत चमचाभर दही जास्त घातलं. ते म्हणाले, "अच्छा, त्यात काय वहिनी!" दहाच्या आत पातेलं रिकामं.

१ जानेवारी
पद्मजाला विचारलं, यात नेमका कोणता परिणाम होता? ती म्हणाली, "तुम्ही कॉलेजात जा."
मी म्हटलं, सुट्टी आहे.
म्हणाली, "तरी जा."